पेरापेरानं वाढणारं वर्ष

चिनी भाषेत सणाला 'च्ये' म्हणतात. हे अक्षर जुन्या वळणानं लिहिलं, तर त्याच्या माथ्यावर बांबूची खूण दिसते, कारण त्याचा मूळ अर्थ बांबूवरची गाठ असा आहे. दोन कांड्या जिथे जुळतात ती गाठ. आपण तिला पेर म्हणतो, आणि मराठीतलं 'पेर' हे संस्कृत 'पर्वन्'चंच घरात वाढलेलं रूप. त्या 'पर्वन्'चेही अर्थ हेच दोन: वेताची किंवा उसाची गाठ, आणि सणाचा दिवस. या भाषांचं एकमेकींशी नातं नाही. कूळ वेगळं, लिपी वेगळी. तरी वर्षाकडे पाहताना दोघींना सारखंच काही दिसलं: सरळ वाढत जाणारा एक दांडा आणि ठरावीक अंतरावर त्याला पडलेल्या गाठी.

या पुस्तकाचं बीज त्या एका अक्षरात आहे. ऊस लावणाऱ्याला माहीत असतं, की नवा कोंब पेरावरच्या डोळ्यातून फुटतो. बेण्याची टिपरी तोडताना तो डोळा जपायचा असतो. चीनमध्ये गेल्या शंभरेक वर्षांत जुनं वर्ष अनेकदा तोडलं गेलं. कधी आधुनिकतेच्या नावानं, कधी क्रांतीच्या. आज त्या देशाच्या सरकारी सुट्ट्यांची यादी वाचली, तर तोडलेल्या त्याच पेरांवर कोंब आलेले दिसतात. ते कसे आले, कोणी जपले, हे सांगण्यासाठी मी हे पुस्तक लिहिलं. चिनी सणांवर लिहिताना ड्रॅगन, लाल कंदील आणि बारा प्राण्यांची राशी एवढ्यावर थांबण्याची रीत आहे. ते सगळं इथे येईल, पण ओघात.

लिहिताना टेबलावर दोन दिनदर्शिका कायम शेजारी असत. एक भिंतीवरून उतरवलेलं कालनिर्णय, दुसरी चिनी 'नुंगली'ची, म्हणजे शेतकऱ्यांच्या पंचांगाची. पहिल्या आठवड्यातच ध्यानात आलं, की मराठी वाचकाला चिनी पंचांग समजावून सांगायला फारसे कष्ट पडणार नाहीत. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याचं, आणि दोघांचा मेळ बसावा म्हणून १९ वर्षांत सात जादा महिने. ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत पडत नाही तो आपला अधिक मास. त्यांनीही सूर्याच्या वाटेवर बारा ठाणी नेमली आहेत, आणि ज्या महिन्यात एकही ठाणं येत नाही तो त्यांचा अधिक. ते सूर्य सायन पद्धतीनं मोजतात, आपण निरयन, म्हणून दोघांचे अधिक महिने बहुधा वेगवेगळ्या वेळी येतात. २०२३ साली आपला श्रावण अधिक होता, त्यांचा दुसरा महिना. आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आधी आणि निज ज्येष्ठ मागून. तिथे खरा महिना आधी आणि अधिक त्याच्या पाठोपाठ. धोंड्याच्या महिन्यात आपण जावयाला अनारशांचं वाण देतो. उत्तर चीनच्या काही भागांत अधिक महिन्यात लग्न झालेली लेक आईवडिलांसाठी नवे जोडे घेऊन माहेरी येते. पंचांगाच्या गणितातून उरलेल्या दिवसांचं काय करायचं, हा प्रश्न दोन्हीकडे लेकीच्या घराकडे वळला, हे मला फार लोभस वाटतं.

चिनी सणांना सरसकट 'चांद्र' म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती अपुरी आहे. त्या पंचांगाचा कणा सूर्याचा आहे. सूर्याच्या वर्षाचे त्यांनी चोवीस भाग केले, सुमारे पंधरा दिवसांचा एकेक, आणि त्यांच्या नावातही तेच 'च्ये' आहे. 'पावसाचं पाणी', 'किड्यांची जाग', 'पांढरं दव' अशी त्यांची नावं. आपला शेतकरी मृगाचा पाऊस, आर्द्रेचा पाऊस, हत्तीचा पाऊस म्हणतो तेव्हा तोही चंद्राला बाजूला ठेवून सूर्याचं नक्षत्र मोजत असतो. अगदी तीच गरज, तोच व्यवहार. २०१६ साली युनेस्कोनं या चोवीस भागांची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली.

महिने जुळवायचे तर एक खूणगाठ पुरते. सर्वसाधारण वर्षी त्यांचा पहिला महिना म्हणजे आपला माघ. आपल्याकडे अमावास्या सरली की प्रतिपदा लागते; त्यांच्याकडे अमावास्येचा दिवसच महिन्याचा पहिला. २०२५ साली २९ जानेवारीला प्रयागराजला कुंभमेळ्यात मौनी अमावास्येचं स्नान चाललं होतं, आणि चीनमध्ये त्याच दिवशी नवं वर्ष लागलं. आपली वसंतपंचमी त्यांच्या वसंत सणाच्या पहिल्या आठवड्यातच येते. थंडी पुरती गेलेली नसताना दोन्ही पंचांगं वसंताचं नाव घेतात.

'वसंत सण' हे नाव मात्र वाटतं तितकं जुनं नाही, आणि त्याच्या जन्माची गोष्ट इथेच सांगायला हवी. १९१२च्या १ जानेवारीला चिनी प्रजासत्ताक स्थापन झालं आणि सुन यत्-सेन यांच्या सरकारनं युरोपी दिनदर्शिका स्वीकारली. आता दोन वर्षारंभ झाले. जुन्या वर्षारंभाला शतकानुशतकं 'युआनतान' म्हणत. ते नाव काढून १ जानेवारीला दिलं गेलं. १९१४ साली युआन शिखाय यांच्या राजवटीत गृहमंत्र्यांच्या प्रस्तावावरून जुन्या वर्षारंभाला 'छुनच्ये', म्हणजे वसंताचा सण, असं नवं नाव मिळालं. गुढीपाडव्याचं नाव उचलून १ जानेवारीला द्यावं आणि पाडव्याला ऋतूच्या नावानं ओळखायला सांगावं, तसं ते झालं. लोकांनी नवं नाव घेतलं आणि सण जुनाच ठेवला.

१९२८ नंतर नानचिंगच्या राष्ट्रवादी सरकारनं अधिक कडक पवित्रा घेतला. जुनं पंचांग म्हणजे अंधश्रद्धा, जगाच्या बरोबरीनं चालायचं तर एकच दिनदर्शिका हवी, असा त्यांचा युक्तिवाद होता. जुनी पंचांगं छापण्यावर बंदी आली, जुन्या नववर्षाला कचेऱ्या आणि शाळा सुरू ठेवण्याचे हुकूम निघाले. घराघरांत चुली मात्र त्याच रात्री पेटल्या. काही वर्षांत सरकारला हात सैल करावा लागला.

मग १९४९. नव्या साम्यवादी राजवटीनं त्या डिसेंबरात सुट्ट्यांचा नियम काढला: १ जानेवारीचा एक दिवस, वसंत सणाचे तीन, कामगार दिनाचा एक, राष्ट्रीय दिनाचे दोन. वर्षाला एकूण सात दिवस. या यादीत जुन्या जगातलं एकच नाव होतं, पण त्याला सर्वांत जास्त दिवस होते, हे विसरता येत नाही. सांस्कृतिक क्रांतीत तेही गेलं. १९६७ साली वसंत सणाची सुट्टी रद्द झाली. सण 'क्रांतिकारी' पद्धतीनं, म्हणजे काम करून साजरा करायचा होता. ती सुट्टी पुन्हा रुळायला १९८० उजाडलं. एका पिढीची बारा-तेरा वर्षं अशी गेली, की वर्षाच्या सर्वांत मोठ्या रात्री घरी असणं हा हक्क राहिला नव्हता.

१९९९ साली सरकारनं उलट दिशेनं पाऊल टाकलं. आशियाई आर्थिक संकटानंतर लोकांनी खर्च करावा, फिरावं, यासाठी वसंत सण, कामगार दिन आणि राष्ट्रीय दिन यांच्याभोवती आठवडाभराच्या सलग सुट्ट्या आखल्या. त्यांना 'सोनेरी आठवडे' म्हणू लागले. नावातच व्यापार होता. लोकसाहित्याचे अभ्यासक तेव्हा एक साधा प्रश्न विचारत होते: सुट्टी वाढवायचीच, तर लोक आधीपासून जे दिवस पाळतात त्यांना का देत नाही? त्यांचं म्हणणं पटायला काही वर्षं लागली. डिसेंबर २००७ मध्ये नियम बदलला आणि २००८पासून छिंगमिंग, त्वानवू आणि मध्यशरद हे तीन सण सुट्टीच्या यादीत आले. कामगार दिनाचे तीन दिवस त्यासाठी एकावर आणले गेले. माझ्या दृष्टीनं आधुनिक चीनच्या सांस्कृतिक इतिहासातला हा फार मोठा दिवस आहे.

आता सणांकडे. सगळ्यांत जास्त पानं अर्थातच वसंत सणाला दिली आहेत. त्याची तयारी बाराव्या महिन्यापासून सुरू होते. आठव्या दिवशी डाळी, धान्यं, खजुरासारखी लाल बोरं, सुकामेवा घालून खीर शिजते. बौद्ध मंदिरांत ती वाटतात, कारण हा बुद्धाच्या ज्ञानप्राप्तीचा दिवस मानला जातो, आणि त्या खिरीच्या मागे सुजातेनं उपाशी गौतमाला दिलेल्या खिरीची कथा सांगतात. उरुवेलेची खीर बीजिंगच्या थंडीत पोचली आणि तिथली झाली.

तेविसाव्या दिवशी, दक्षिणेत चोविसाव्या, चुलीच्या देवाची पाठवणी असते. हा देव वर्षभर चुलीपाशी बसून घरातलं सगळं पाहतो, ऐकतो, आणि वर्षाअखेर स्वर्गात जाऊन सम्राटाला अहवाल देतो. म्हणून निघताना त्याच्या तोंडाला जवाच्या साखरेची चिकट चिक्की लावायची, कुठे कुठे तिला तीळही लावलेले असतात. त्यानं वर गेल्यावर गोड बोलावं. जानेवारीच्या आसपास, तीळ आणि गोडाचा तुकडा हातावर ठेवून गोड बोलण्याची विनंती करणाऱ्या माणसांना या देवाची आणखी ओळख करून द्यायला नको. आपण ती विनंती माणसांना करतो, ते देवाला.

वर्षाच्या शेवटच्या रात्रीचं जेवण हा सणाचा गाभा. उत्तरेत सगळं घर एका टेबलाभोवती बसून च्याओच वळतं, आपल्या मोदकाच्या पारीसारखी गव्हाची पारी आणि आत मांस-कोबीचं सारण. दक्षिणेत तांदळाच्या पिठाची वडी असते. मासा हवाच, आणि तो संपवायचा नाही, कारण मासा आणि शिल्लक या दोन्हींचा उच्चार 'यू' होतो. दारावर लाल कागदावर लिहिलेल्या दोन ओळी चिकटवतात. मुलांना लाल पाकिटातून पैसे मिळतात. १९८३पासून सरकारी दूरचित्रवाणीचा त्या रात्रीचा कार्यक्रमही या विधीचाच भाग झाला आहे.

पण हे जेवण कळायचं असेल तर त्याच्या आधीचा प्रवास पाहावा लागतो. त्याला 'छुनयुन' म्हणतात: सणाच्या पंधरा दिवस आधीपासून पंचवीस दिवस नंतरपर्यंत, चाळीस दिवसांची वाहतूक. २०२५ साली या चाळीस दिवसांत नऊशे कोटींहून अधिक फेऱ्यांची सरकारी मोजणी झाली. बहुतेक आता मोटारीनं होतात, तरी रेल्वे स्थानकांवरची गर्दी हेच त्याचं चित्र मनात राहतं. या गर्दीमागे एक कायदा आहे. चीनमध्ये माणसाची कौटुंबिक नोंद, 'हुखौ', त्याच्या गावाशी बांधलेली असते. शहरात कारखान्यात, बांधकामावर राबणाऱ्याला त्या शहरातली शाळा, इस्पितळ सहजी मिळत नाही. म्हणून मुलं गावात आजी-आजोबांपाशी राहतात आणि आईबाप हजार किलोमीटरवर. कित्येकांना वर्षातून एकदाच आपली मुलं दिसतात, ती या सणाला. गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानी, एसटीच्या खिडकीतून आत फेकलेला रुमाल, दारात वाट पाहणारी म्हातारी माणसं, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला छुनयुन समजेल. फक्त त्यात इतक्या लांबच्या विरहाची भर घालावी लागेल. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं वसंत सणाची नोंद केली. ती नोंद कंदिलांची आहे तितकीच या प्रवाशांचीही आहे, असं मी मानतो.

छिंगमिंगवर लिहिताना माझा हात सर्वांत जड झाला. हा सूर्याचा सण. वसंतसंपातानंतर पंधरा दिवसांनी, ४ ते ६ एप्रिलच्या दरम्यान येतो. नावाचा अर्थ निर्मळ आणि उजळ. त्या दिवशी पितरांच्या थडग्यांवर जायचं, गवत उपटायचं, माती सारखी करायची, अन्न आणि मद्य ठेवायचं, कागदी पैसे जाळायचे. सर्वपित्रीला आपण पितरांना घरी बोलावतो आणि कावळ्याची वाट पाहतो. चिनी माणूस स्वतः उठून त्यांच्याकडे जातो. या दिवसाला उदासी आहे आणि कोवळ्या हिरव्या रंगाचा आनंदही. यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात दवण्याच्या जातीतल्या एका रानपाल्याचा रस घालून हिरवे गोल लाडू उकडतात.

१९७६ साली छिंगमिंग ४ एप्रिलला आला. तो सुट्टीच्या यादीत नव्हता. त्याच जानेवारीत पंतप्रधान चौ एन-लाय वारले होते आणि त्यांच्यासाठी फार शोक करू नये अशी वरून इच्छा होती. छिंगमिंगच्या आदल्या दिवसांत बीजिंगचे लोक थ्येनआनमन चौकातल्या वीरस्मारकापाशी पुष्पचक्रं, पांढरी कागदी फुलं आणि हातानं लिहिलेल्या कविता घेऊन येऊ लागले. लाखो माणसं आली. ४ तारखेच्या रात्री ती पुष्पचक्रं उचलून नेली गेली. ५ एप्रिलला सकाळी लोकांनी रिकामा चौथरा पाहिला आणि संतापाचा भडका उडाला. त्या दिवसाला प्रतिक्रांती ठरवण्यात आलं; १९७८च्या अखेरीस तो शिक्का पुसला गेला. कोणी सभा बोलावली नव्हती, पत्रक काढलं नव्हतं. लोकांना तारीख ठाऊक होती, कारण त्या दिवशी मेलेल्यांना भेटायला जायचं असतं. सणाची ताकद म्हणजे काय, हे मला या एका प्रसंगानं जितकं समजावलं तितकं कोणत्या ग्रंथानं नाही.

याच दिवसाशी आपल्या सोलापूरचंही नातं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तीस वर्षांचे असताना, हपेई प्रांतातल्या एका खेड्यात त्यांचा अंत झाला. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे ही कथा आपल्या घराघरांत पोचली. तिचा पुढचा भाग आपल्याला कमी माहीत आहे. शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. तिथेच कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचीही आहे. छिंगमिंगला लोक तिथे फुलं वाहतात. ज्याचे आईवडील सोलापूरचे, ज्याच्या घराण्यात पितृपक्ष पाळला जातो, अशा माणसाचं थडगं परक्या देशात, तिथल्या सणाच्या दिवशी झाडलं जातं. छिंगमिंगचं प्रकरण मी कोटणीसांपासूनच सुरू केलं आहे.

त्वानवू पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी येतो. ड्रॅगनच्या तोंडाच्या लांब नावांची शर्यत आणि पानात बांधून शिजवलेला चिकट भात, या त्याच्या दोन खुणा. कथा सांगतात ती छू राज्याचा मंत्री आणि कवी छू युआन याची. हद्दपार झालेल्या या माणसानं, राज्याची राजधानी इ.स.पू. २७८ मध्ये शत्रूच्या हाती पडल्यावर, आजच्या हूनान प्रांतातल्या मीलो नदीत उडी घेतली. लोकांनी होड्या काढून त्याला शोधलं आणि माशांनी त्याला खाऊ नये म्हणून भात पाण्यात टाकला. सूचौच्या बाजूला हाच सण वू त्स-श्यू या दुसऱ्या एका मंत्र्याच्या नावानं सांगतात. कवी आणि अभ्यासक वन ई-तो यांनी तर असं मांडलं, की सण या दोघांच्याही आधीचा, दक्षिणेतल्या ड्रॅगन-पूजक लोकांचा आहे. मला स्वतःला दारावर टांगलेल्या वेखंडाच्या आणि दवण्याच्या जुड्या जास्त बोलक्या वाटतात. पाचवा महिना हा विषारी महिना मानत: उकाडा, पाऊस, साप, विंचू, गोम, तापाच्या साथी. मुलांच्या मनगटाला पाच रंगांचा दोरा बांधायचा तो यासाठी. आईच्या काळजीतून आलेला सण आहे हा. कवी त्यात नंतर येऊन राहिला आणि शोभला.

पानातल्या भाताला चुंगच म्हणतात. उत्तरेत आत लाल बोर घालून गोड, दक्षिणेत डुकराचं मांस घालून खारा. कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानातल्या पातोळ्या उघडताना जो वास येतो, त्याची आठवण ठेवून बांबूच्या पानाचा वास कल्पनेत आणावा.

२००५ साली दक्षिण कोरियातल्या कांगनुंग शहराच्या 'तानो' उत्सवाला युनेस्कोची मान्यता मिळाली. दिवस तोच, पाचव्याचा पाचवा, आणि नावही त्याच चिनी अक्षरांचं. आपला सण शेजाऱ्यानं पळवला, असा चीनमध्ये गदारोळ उठला. खरं पाहता कांगनुंगच्या उत्सवात पर्वतदेवतेची पूजा, मांत्रिक स्त्रियांचे विधी, मुखवट्यांचं नाटक असतं. नावांची शर्यत आणि छू युआन तिथे नाहीत. राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता. तरी त्या रागानं लोकांना आपल्याच घराकडे पाहायला लावलं. तीन वर्षांत त्वानवूला सुट्टी मिळाली आणि २००९ साली युनेस्कोच्या यादीत त्याचं स्वतःचं नाव लागलं.

मध्यशरद म्हणजे आठव्या महिन्याची पौर्णिमा. मूनकेक, पारिजातकासारखा सुगंध असलेली बारीक पिवळी फुलं, आणि सगळ्या घरानं मिळून चंद्र पाहणं. त्या चंद्रावर छांग-अ नावाची एकटी स्त्री राहते आणि तिच्या सोबतीला जेडचा ससा. आपल्यालाही चंद्रात ससाच दिसला, म्हणून तो शशांक. जानेवारी २०१९ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूला पहिल्यांदा उतरलेल्या चिनी यानाचं नाव छांग-अ आणि त्यातून बाहेर आलेल्या गाडीचं नाव 'यूथू', म्हणजे तोच ससा. हाँगकाँगमध्ये सुट्टी या सणाच्या दुसऱ्या दिवशी असते, कारण रात्रभर चंद्राखाली बसायचं असतं.

बाकीच्या सणांवर छोटी प्रकरणं आहेत. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला भुकेल्या आत्म्यांना अन्न देतात. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन यानं प्रेतयोनीतल्या आईला कसं सोडवलं, ही बौद्ध कथा तिथे रुजली आणि तिथल्या पितृभक्तीनं तिला कवटाळलं. नवव्याचा नववा हा डोंगर चढण्याचा दिवस आता वृद्धांचा दिवस म्हणून कायद्यात आहे, सुट्टी मात्र नाही.

सुट्टीचं गणित हा या पुस्तकातला रुक्ष भाग वाटेल, पण चिनी माणसांशी बोलायला बसा, ते सणाआधी त्यावरच बोलतील. शब्द आहे 'थ्याओश्यू': सुट्टी सलग व्हावी म्हणून आजूबाजूचे शनिवार-रविवार उसने घ्यायचे आणि नंतर कामावर येऊन फेडायचे. २०२५ साली राष्ट्रीय दिन आणि मध्यशरद जोडून १ ते ८ ऑक्टोबर असे आठ दिवस मिळाले. त्यासाठी २८ सप्टेंबरचा रविवार आणि ११ ऑक्टोबरचा शनिवार कामाचे झाले. यावर लोकांची नाराजी वर्षानुवर्षं साचत होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारनं दोन दिवस वाढवले, वर्षाचे एकूण तेरा केले, आणि सुट्टीच्या आगेमागे सलग सहा दिवसांपेक्षा जास्त काम सहसा पडू नये असं म्हटलं. वाढलेल्या दोनपैकी एक दिवस कामगार दिनाला गेला. दुसरा गेला वसंत सणाच्या आदल्या दिवसाला. जेवण ज्या रात्री असतं, ती रात्र आता तरी कायद्यानं लोकांची आहे.

या पुस्तकाची मर्यादा सांगतो. यात मुख्यतः हान समाजाचे सण आहेत. तिबेटचा लोसार, शिनच्यांग आणि निंगश्याच्या मुसलमानांची ईद, क्वांगशीतला तिसऱ्याचा तिसरा, यांना तिथे स्थानिक सुट्ट्या असतात आणि त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तकं व्हायला हवीत. तैवानचा फक्त उल्लेख आहे. मात्र मुंबईच्या माझगावातल्या सी यूप मंदिरासाठी मी जागा काढली. क्वांगतुंगहून आलेल्या खलाशांनी १९१९ साली बांधलेलं हे छोटं देऊळ गोदीच्या परिसरात आजही आहे. १९६२च्या युद्धानंतर भारतातल्या चिनी कुटुंबांवर फार वाईट दिवस आले. अनेकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं, अनेकजण देश सोडून गेले. जे उरले ते दरवर्षी नववर्षाला इथे उदबत्त्या लावतात.

उच्चारांविषयी दोन शब्द. चिनीत एकापेक्षा जास्त च आहेत, आणि सुदैवानं त्यातले दोन मराठीतही: एक चिवड्यातला, एक चुलीतला. 'च्याओच'मधला पहिला चिवड्यातला, शेवटचा चुलीतला. 'चुंगच'मधले दोन्ही चुलीतले. बीजिंगसारखी रुळलेली नावं सोडली, तर इंग्रजी स्पेलिंगवरून केलेले उच्चार मी टाळले आहेत.

आज ही प्रस्तावना संपवतोय. एरवी मध्यशरद येतो आपल्या भाद्रपद पौर्णिमेला, पितृपक्षाच्या तोंडावर, आणि कोजागरी त्यानंतर महिन्यानं. यंदा चिनी पंचांगात सहावा महिना दोनदा आला, आपला अधिक ज्येष्ठ पुढच्या वर्षी आहे, आणि म्हणून दोन्ही पौर्णिमा एकाच रात्री आल्या. गच्चीवर दूध आटतंय. दोन्ही दिनदर्शिका मी भिंतीवर परत लावल्या आहेत, शेजारी शेजारी.

पुणे
कोजागरी पौर्णिमा, शके १९४७
आठव्या महिन्याचा पंधरावा दिवस
६ ऑक्टोबर २०२५